ज्या स्कूटरनं बजाजला मोठं केलं, तीच बजाजनं बंद का केली?

डिसेंबर २००९ मध्ये बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी एक घोषणा केली. चालू आर्थिक वर्ष संपलं की कंपनी स्कूटर बनवणं थांबवणार. रिक्षा सुरू राहतील, पण दुचाकीत बजाज म्हणजे यापुढे फक्त मोटरसायकल.

बातमी ऐकून अनेकांना धक्का बसला. कारण आपल्याकडे कित्येक घरांत स्कूटर आणि बजाज हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरले जायचे. वडील पुढे, आई मागे, एक पोरगं पुढे उभं आणि दुसरं मध्ये दाबून बसलेलं, हे चित्र ज्या गाडीवर दिसायचं ती बहुतेक वेळा बजाजचीच असायची.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. कंपनीचे अध्यक्ष राहुल बजाज, म्हणजे राजीव यांचे वडील, यांनाच हा निर्णय पटला नव्हता. आपल्याला वाईट वाटलं, हे त्यांनी लपवलं नाही, जाहीरपणे सांगितलं. तरीही निर्णय बदलला नाही.

पुढच्या आठ वर्षांत देशातली स्कूटरची विक्री साडेचार पटींनी वाढली.

मग राजीव बजाज चुकले का? सोशल मीडियावर या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत मिळतं. कुणी म्हणतं, हातचा बाजार घालवला. कुणी म्हणतं, धाडसी निर्णय होता. खरा हिशोब मात्र जरा गुंतागुंतीचा आहे.

स्कूटर म्हणजे बजाज, हे समीकरण कसं जुळलं?

१९६० च्या सुमारास बजाजनं इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून भारतात व्हेस्पा स्कूटर बनवायला सुरुवात केली. पुण्याजवळच्या आकुर्डीत कारखाना उभा राहिला. १९७१ मध्ये हा करार संपला आणि १९७२ मध्ये कंपनीनं स्वतःच्या नावानं स्कूटर आणली. महाराणा प्रतापांच्या घोड्यावरून तिचं नाव ठेवलं होतं, चेतक.

तो काळ परवाना राजचा होता. कारखान्यानं वर्षाला किती गाड्या बनवायच्या, हेसुद्धा सरकार ठरवायचं. मागणी प्रचंड आणि गाड्या मोजक्याच. त्यामुळे स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. एका टप्प्यावर ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत गेली होती. ज्याचा नंबर लागायचा, तो तीच गाडी दुसऱ्याला चढ्या भावानं विकू शकायचा.

अशा बाजारात कंपनीला ग्राहक शोधावा लागत नाही, ग्राहकच कंपनीला शोधत येतो. ऐकायला ही स्थिती छान वाटते, पण त्यात एक धोका असतो. माल आपोआप खपत असला की तो नेमका कशामुळे खपतोय, हे कळत नाही. गाडी चांगली आहे म्हणून लोक घेतात की दुसरी मिळत नाही म्हणून?

बजाजला या प्रश्नाचं उत्तर १९९० च्या दशकात मिळालं.

मोटरसायकलनं बाजी कशी मारली?

१९८० च्या दशकात सरकारनं जपानी कंपन्यांबरोबर भागीदारी करायला वाट मोकळी केली. १९८४ मध्ये हिरो होंडा कंपनी स्थापन झाली आणि १९८५ मध्ये तिची सीडी १०० ही मोटरसायकल आली. चार स्ट्रोकचं इंजिन, पेट्रोल कमी पिणारं. ज्या देशात गाडी घेताना पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देते?' हा असतो, तिथं ही गाडी चालणारच होती.

गावाकडे आणखी एक कारण होतं. स्कूटरची चाकं लहान असतात. खड्ड्यांच्या आणि कच्च्या रस्त्यावर मोठ्या चाकांची मोटरसायकल जास्त भरवशाची वाटायची. शेतात जायचं, दुधाचे कॅन लावायचे, मागे दोघांना बसवायचं, तर मोटरसायकल बरी.

चेतक मात्र बराच काळ फारशी बदलली नाही. हातानं गिअर टाकायचे, पायानं किक मारायची आणि नाहीच सुरू झाली तर गाडी एका बाजूला आडवी करायची, हा सोपस्कार एका पिढीला तोंडपाठ आहे. पुढच्या पिढीला त्यात काही गंमत वाटत नव्हती.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस देशात मोटरसायकलींची विक्री स्कूटरपेक्षा जास्त झाली. २००१ मध्ये हिरो होंडा ही जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी बनली. ज्या बजाजसाठी लोक दहा वर्षं थांबायचे, ती मागे पडली होती.

सावरण्यासाठी बजाजनं मोटरसायकलकडे जोर वळवला. चाकणला नवा कारखाना सुरू झाला आणि २००१ च्या अखेरीस पल्सर आली. नुसतं मायलेज नको, थोडी ताकद आणि थोडा रुबाबही हवा, असं म्हणणाऱ्या तरुणांनी ती उचलून धरली. या गाडीनं बजाजला पुन्हा उभं केलं, असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही.

२००५ मध्ये राजीव बजाज व्यवस्थापकीय संचालक झाले. त्याच सुमारास जुन्या चेतकचं उत्पादन थांबलं. नंतर बजाजनं क्रिस्टल ही बिनगिअरची स्कूटर आणून पाहिली, पण ती चालली नाही. २००९ च्या घोषणेकडे या पार्श्वभूमीवर बघावं लागतं. त्या दिवशी बजाजनं बंद केला तो आधीच आटलेला धंदा होता. बातमी मोठी होती ती नावामुळे.

पण मग पूर्ण बंदच कशाला? थोड्या स्कूटर बनवत राहायच्या!

बहुतेक कंपन्या हेच करतात. एक उत्पादन चालत नसेल तरी ते बंद करत नाहीत. 'असू दे, कुणी मागितलं तर देता येईल' असं म्हणत ते कोपऱ्यात ठेवून देतात. बंद करायचं म्हटलं की कुणाचा तरी विभाग जातो, कुणाच्या तरी भावना दुखावतात. चालू ठेवायला मात्र कुणाचाच विरोध नसतो.

राजीव बजाज यांचं म्हणणं वेगळं होतं. ग्राहकाच्या डोक्यात एका नावाला एकच जागा मिळते, हा अल रीस आणि जॅक ट्राउट या अमेरिकी मार्केटिंग तज्ज्ञांचा विचार त्यांना पटलेला होता. बजाज म्हटल्यावर लोकांना काय आठवलं पाहिजे? घरगुती स्कूटर आणि दणकट पल्सर, दोन्ही एकाच वेळी आठवत असतील तर दोन्ही पुसट होतात.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. एखाद्या गावात फक्त मिसळ विकणारं दुकान असतं आणि तिथं सकाळपासून रांग लागते. समोरच्या हॉटेलात मिसळ, डोसा, चायनीज, पंजाबी सगळं मिळतं. पण गावाला आलेल्या पाहुण्याला मिसळ खायला आपण कुठं नेतो?

दुसरं कारण जास्त व्यावहारिक होतं. कंपनीकडे पैसा भरपूर असला तरी चांगले इंजिनिअर, चाचणीचा वेळ, शोरूममधली जागा आणि वरिष्ठांचं लक्ष या गोष्टी मोजक्याच असतात. स्कूटरवर काम करणारी टीम मोटरसायकलवर काम करत नसते. एक गाडी चालू ठेवण्याची किंमत दुसरी गाडी चुकवत असते.

व्यवस्थापनशास्त्रात याला 'ट्रेड-ऑफ' म्हणतात. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९९६ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात यावरच भर दिला होता. काय करायचं याची यादी कुणीही करतो. काय करायचं नाही हे जोवर ठरत नाही, तोवर त्या यादीला स्ट्रॅटेजी म्हणता येत नाही, असा त्यांच्या मांडणीचा मथितार्थ. बजाजनं काय करायचं नाही, हे २००९ मध्ये ठरवलं.

वडिलांचा विरोध होता, तरी निर्णय कसा झाला?

भारतातल्या अनेक घराणेशाही उद्योगांमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. मुलाला केबिन मिळते, पद मिळतं, व्हिजिटिंग कार्डवर नाव येतं. पण मोठा निर्णय आला की फाइल घरी वडिलांकडे जाते. बाजारातल्या सगळ्यांना हे माहीत असतं, त्यामुळे मुलाच्या शब्दाला वजन राहत नाही.

इथं उलट घडलं. राहुल बजाज साधे अध्यक्ष नव्हते. परवाना राजच्या दिवसांत ही कंपनी त्यांनी वाढवली होती. सरकारला तोंडावर सुनावणारा उद्योगपती अशी त्यांची ओळख होती. स्कूटर ही त्यांच्या आयुष्यभराच्या कामाची खूण होती. त्यांनी नाराजी बोलून दाखवली, पण कंपनी चालवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे होती, त्याच्या निर्णयाच्या आड ते आले नाहीत.

असहमती असणं आणि अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कंपनीच्या फायद्याची असते, कारण निर्णय घेणाऱ्याला दुसरी बाजू ऐकावी लागते. दुसरीमुळे निर्णय कुणाचा आहे, हेच कुणाला कळेनासं होतं.

आता दुसरी बाजू: बजाजनं काय गमावलं?

बजाज स्कूटरमधून बाहेर पडत असताना होंडा आत येत होती. होंडाचं इथं येणंही मजेशीर आहे. मोटरसायकलसाठी होंडाची हिरोबरोबर भागीदारी होती. त्यामुळे भारतात स्वतःची वेगळी कंपनी काढल्यावर होंडाला सुरुवातीची काही वर्षं मोटरसायकलपासून लांब राहावं लागलं. साहजिकच तिनं स्कूटरपासून सुरुवात केली. २००१ मध्ये ॲक्टिव्हा आली.

बटण दाबलं की सुरू होणारी, गिअर नसलेली. अशी गाडी भारतात चालते, हे कायनेटिक होंडानं १९८० च्या दशकातच दाखवून दिलं होतं. पुण्याच्या फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिकची होंडाबरोबरची ही भागीदारी. कॉलेजच्या मुली, नोकरी करणाऱ्या बायका आणि ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून कंटाळलेले पुरुष, सगळ्यांसाठी ती सोयीची होती. ॲक्टिव्हानं हाच ग्राहक मोठ्या प्रमाणावर मिळवला. घरात एकच गाडी असेल तर ती कुणालाही चालवता यावी, हा साधा विचार त्यामागे होता.

वाहन उत्पादकांच्या संघटनेचे आकडे बघितले की चित्र स्पष्ट होतं.

२००९-१० मध्ये देशात सुमारे ९४ लाख दुचाकी विकल्या गेल्या. त्यात स्कूटर होत्या साधारण १५ लाख, म्हणजे सहा दुचाकींमागे एक.

२०१७-१८ मध्ये दुचाकींचा आकडा २ कोटींच्या पुढे गेला. त्यात स्कूटर होत्या ६७ लाख, म्हणजे तीन दुचाकींमागे एक.

याच काळात मोटरसायकलींची विक्री ७३ लाखांवरून १२६ लाखांवर गेली. तीही वाढली, पण स्कूटरचा वेग कितीतरी जास्त होता.

या ६७ लाखांत बजाजचा वाटा शून्य.

हे नुकसान ताळेबंदात कुठेच दिसत नाही. कारखान्याला आग लागली तर तोटा लिहिला जातो. जी गाडी बनवलीच नाही आणि जो ग्राहक शोरूममध्ये आलाच नाही, त्याची नोंद कुठल्या वहीत करणार? अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. 'नाही' म्हणण्याची किंमत नेहमी अशीच असते, न दिसणारी. म्हणून ती मोजायची राहून जाते.

आणि कमावलं काय?

दुसऱ्या पारड्यातही बरंच काही आहे. २००७ मध्ये बजाजनं ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत हिस्सा घेतला आणि पुढे केटीएमच्या मोटरसायकली चाकणमध्ये बनू लागल्या. आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियातल्या अनेक देशांत बजाजच्या गाड्या पोहोचल्या. आफ्रिकेतल्या कित्येक शहरांत भाड्यानं चालणारी मोटरसायकल-टॅक्सी म्हणजे बजाजची बॉक्सर. २०२१-२२ मध्ये बजाजनं बनवलेल्या सुमारे ४३ लाख वाहनांपैकी जवळपास २५ लाख निर्यात झाली. म्हणजे निम्म्याहून जास्त गाड्या देशाबाहेर.

जानेवारी २०२१ मध्ये कंपनीचं बाजारमूल्य १ लाख कोटी रुपयांच्या वर गेलं. हा टप्पा गाठणारी ती जगातली पहिली दुचाकी कंपनी होती.

स्कूटरवर लक्ष विभागलं असतं तर हे जमलं असतं का? कदाचित हो, कदाचित नाही. इतिहास दोनदा चालवून बघता येत नाही. म्हणूनच एखादा निर्णय फक्त त्याच्या परिणामावरून तोलणं फसवं ठरतं. २००९ मध्ये समोर काय होतं? स्कूटरचा छोटा बाजार, त्यात पाय रोवलेली होंडा, स्वतःची पडलेली क्रिस्टल आणि जोरात चालणारी पल्सर. ही माहिती हातात असलेल्या माणसाचा निर्णय अविचारी म्हणता येत नाही.

खरा प्रश्न नंतरच्या वर्षांबद्दल विचारायला हवा. स्कूटर वाढतेय, याचे आकडे दरवर्षी समोर येत होते आणि बजाज मात्र आपल्या भूमिकेवर ठाम राहिली. या ठामपणाला शिस्तही म्हणता येतं आणि हट्टही. दोन्हीमधला फरक ओळखायचा असेल तर एकच गोष्ट बघावी लागते. 'कुठल्या परिस्थितीत आम्ही हा निर्णय बदलू?' याचं उत्तर निर्णय घेणाऱ्यांकडे आहे का?

चेतक परत आली, पण विजेवर

१६ ऑक्टोबर २०१९ ला बजाजनं पुन्हा स्कूटर दाखवली. नाव तेच, चेतक. इंजिनाच्या जागी मोटर आणि बॅटरी. जानेवारी २०२० मध्ये पुणे आणि बंगळुरूत तिची विक्री सुरू झाली.

दहा वर्षांत पेट्रोलची स्कूटर न आणणाऱ्या कंपनीनं विजेची का आणली? पेट्रोलच्या स्कूटरमध्ये ॲक्टिव्हाला टक्कर देणं म्हणजे दुसऱ्याच्या मैदानात दुसऱ्याच्या नियमांनी खेळणं होतं. विजेच्या गाड्यांत मैदानच नवं होतं. इंजिन बनवण्याचा अनेक वर्षांचा अनुभव तिथं फार उपयोगी पडत नाही, म्हणून जुन्या मातब्बरांचा फायदा कमी होतो. २००९ चं 'नाही' ज्या कारणांवर उभं होतं, त्यातली काही कारणं २०१९ पर्यंत उरली नव्हती.

सुरुवात मात्र संथ झाली. कोरोनाची साथ आली, सुट्या भागांची टंचाई झाली. नव्या कंपन्या मोठमोठ्या जाहिराती करत पुढे निघून गेल्या. बजाज हळूहळू शहरं वाढवत राहिली. मार्च २०२५ मध्ये देशातल्या विजेच्या दुचाकींच्या विक्रीत बजाज पहिल्या क्रमांकावर होती. लगेच त्याच वर्षी चीनमधून येणाऱ्या विशिष्ट चुंबकांच्या टंचाईमुळे उत्पादनाला फटकाही बसला. त्यामुळे ही शर्यत संपली, असं कुणी समजू नये.

आकुर्डीचा हिशोब

या सगळ्यात एक बाजू बहुतेक वेळा राहून जाते. २००७ मध्ये, म्हणजे स्कूटर बंद होण्याच्या घोषणेआधीच, आकुर्डीतलं वाहन उत्पादन थांबवण्यात आलं. त्याच वर्षी करसवलती असलेल्या उत्तराखंडात पंतनगरचा नवा कारखाना सुरू झाला होता. आकुर्डीच्या कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचा प्रस्ताव आला. ज्या कारखान्याभोवती पिंपरी-चिंचवडमधल्या कित्येक घरांचं आयुष्य उभं राहिलं होतं, तिथली असेंब्ली लाइन शांत झाली.

पुढे १० जून २०२२ ला, राहुल बजाज यांच्या जन्मदिवशी, आकुर्डीतच विजेच्या चेतकसाठी नवा कारखाना सुरू झाला. राहुल बजाज तो बघायला नव्हते. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला त्यांचं निधन झालं होतं.

कंपनीच्या दृष्टीनं हे वर्तुळ पूर्ण होणं असेल. पण २००७ मध्ये पन्नाशीत असलेला कामगार २०२२ मध्ये परत लाइनवर येत नाही. कंपनीला चूक सुधारायला पंधरा वर्षं मिळू शकतात, माणसाला मिळत नाहीत. कुठलाही 'धाडसी निर्णय' वाचताना त्याची किंमत कुणाच्या खात्यातून गेली, हेही बघायला हवं.

यातून घ्यायचं काय?

हा विषय फक्त मोठ्या कंपन्यांचा नाही. भोसरीत लेथ मशीन चालवणारा, गावात कापड दुकान चालवणारा किंवा घरून डबे पुरवणारी बाई, सगळ्यांसमोर कधी ना कधी हाच प्रश्न येतो. न चालणारी गोष्ट बंद करायची की ठेवायची?

अशा वेळी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात.

पहिली, हे बंद केल्यावर मोकळा होणारा वेळ, पैसा आणि माणसं नेमकी कुठे लावणार? उत्तर नसेल तर ते बंद करणं ही नुसती काटकसर आहे, स्ट्रॅटेजी नाही. बजाजकडे पल्सर होती आणि निर्यात होती.

दुसरी, उद्या काय घडलं तर हा निर्णय पुन्हा तपासायचा? एखादा आकडा, एखादी तारीख ठरवून ठेवावी. नाहीतर एकदा ठरलेली गोष्ट प्रतिष्ठेची होऊन बसते.

तिसरी, निर्णय कुणाचा आहे आणि त्याचा चटका कुणाला बसणार? ही दोन नावं वेगवेगळी असतील तर दुसऱ्या माणसाशी आधी बोलावं.

बजाजनं स्कूटर सोडली ते बरोबर होतं की चूक, यावर वाद चालू राहील. पण देशातल्या सर्वांत ओळखीच्या नावांपैकी एक स्वतःहून खाली ठेवणं आणि जमीन बदलल्यावर तेच नाव पुन्हा उचलणं, या दोन्ही गोष्टी एकाच कंपनीनं केल्या. पहिलीला हिंमत लागते हे सगळ्यांना पटतं. दुसरीला ती जास्त लागते, कारण तेव्हा आपणच दिलेला जुना शब्द मागे घ्यावा लागतो.